शेवंतीची बंद घरं

फोन शेवंतीच्या नंबरवरून आला होता, पण आवाज तिचा नव्हता. मी कॉलेजच्या स्टाफरूममध्ये अकरावीच्या चाचणीचे पेपर तपासत बसले होते, दुपारच्या चहाची वेळ होती. कुणी पुरुष अडखळत विचारत होता, तुम्ही कोण बोलताय? मला वाटलं, ही बाई पुन्हा कुठंतरी फोन विसरून आली. मी हसतच म्हटलं, तुम्ही कोण ते आधी सांगा. तेव्हा तो म्हणाला की तो सरकारी दवाखान्यातून बोलतोय, पेठच्या रस्त्याला घाटात काळीपिवळी जीप उलटली आहे, आणि या मोबाईलमध्ये माझ्या नंबरला ‘घर’ असं नाव दिलेलं आहे म्हणून त्यानं इथंच लावला... पुढचंही मी ऐकलं असणार, कारण मी रिक्षा करून निघाले, वाटेत तिच्या बाबांना निरोप पोचवायची खटपटही केली. पण त्या फोनमधलं मला आज आठवतं ते एवढंच, की माझ्या नंबरला ती ‘घर’ म्हणत होती. इतकी वर्षं एका छताखाली राहून मला हे ठाऊक नव्हतं.

त्याला आता काही आठवडे झाले. भेटेल तो ‘सावर स्वतःला’ म्हणतो. मी सावरलेलीच आहे. मला रडू येत नाही, राग येतो. दात घासताना येतो, भाजी निवडताना येतो, वर्गात फळ्यावर मागणीचा नियम लिहिताना हातातला खडू मोडतो. तेव्हा हा लेख वाचून कुणाला दोन अश्रू वगैरे ढाळायचे असतील तर त्यांनी खुशाल पुरवणीचं पुढचं पान उलटावं. ‘मृतात्म्यास शांती लाभो’ हे वाक्य इथं येणार नाही. शेवंतीला शांती नको होती. तिला तिच्या प्रबंधातलं तिसरं प्रकरण हवं होतं, आणि ते कसं अडवलं गेलं हे सांगण्यासाठीच मी लिहायला बसले आहे. जीपनं तिला मारलं हे मला मान्य आहे. रस्ता ओला होता, ड्रायव्हरनं माणसं कोंबली होती. पण त्या दिवशी ती त्या जीपमध्ये का होती, हे कुणीतरी विचारायला हवं की नको?

शेवंती पेठ तालुक्यातल्या एका पाड्यावरची. कोकणा समाजातली, घरची भाताची थोडी शेती, आणि भात झोडून झाला की आईबाप द्राक्षबागांच्या कामाला खाली यायचे ते थेट शिमग्याला परत जायचे. मी सायखेड्याची, म्हणजे ज्या बागांवर ही माणसं येतात त्यांतल्याच एका बागेतली. आमची गाठ पडली नाशिकला, एमए अर्थशास्त्राच्या वर्गात. पहिल्याच आठवड्यात तिनं मला ‘बागायतदारीण’ असं नाव ठेवलं आणि ते शेवटपर्यंत सोडलं नाही. एमएनंतर मी नोकरीला लागले, ती संशोधनात शिरली, आणि मखमलाबाद रोडला दोन खोल्यांची जागा घेऊन आम्ही राहायला लागलो. जागेत पाऊल ठेवल्या ठेवल्या तिनं काय केलं असेल, तर जुन्या ओढण्या फाडून चिंध्या काढल्या. तिच्या वस्तूंना पिवळी, माझ्या वस्तूंना लाल. किल्लीला चिंधी, बाटलीला चिंधी, छत्रीच्या दांड्याला, पेनड्राइव्हला सुद्धा. मी म्हटलं, अगं, आपण काय लहान पोरं आहोत? ती म्हणाली, आमच्याकडं कोंबड्यांना बांधतात. मला वाटलं थट्टा करतेय.

थट्टा नव्हती, ते मला पुढं तिच्या पाड्यावर गेल्यावर कळलं. पाडा रिकामा व्हायला लागला की कोंबड्या कुठं नेणार? तिची एक मावशी पायानं अधू, तिला बागेचं काम जमत नाही, म्हणून ती मागं राहते. निघताना सगळी आपापल्या कोंबड्या तिच्या अंगणात सोडतात आणि ओळख पटावी म्हणून पायात आपापल्या रंगाची चिंधी बांधतात. हे घर निळं, ते घर हिरवं, शेवंतीचं घर पिवळं. घराच्या दाराला कुलूप नसतं, कडीला तार गुंडाळलेली असते, बस. शेवंतीला शाळा बुडवायची नव्हती म्हणून लहानपणी ती मावशीपाशी राहायची. आईबाप नसलेले ते सगळे हिवाळे तिनं कोंबड्या राखत काढले. एखादी कोंबडी कोल्ह्यानं नेली तर चिंधी जपून ठेवायची आणि मालक आला की हातात द्यायची, हा तिथला रिवाज.

एकदा मी तिला सायखेड्याला घेऊन गेले, विरळणीचे दिवस होते. आई तशी मनानं मोकळी, पण जीभ सैल. चहा देता देता म्हणाली, “पेठंकडची का तू? आमच्याकडं तिकडलीच माणसं येतात बागाला. लय गुणी हायेत.” शेवंती म्हणाली, “हो काकू. माझे आईबाबा पण येतात. तुमच्याकडं नाही, पलीकडच्या गावात.” आई पुन्हा चहा टाकायला आत निघून गेली. आमच्या घरात अवघड वाटलं की चहा टाकतात. शेवंती मात्र उठून बागेत गेली, कात्री मागून घेतली आणि बायकांच्या रांगेत उभी राहून घडांतले मणी कमी करायला लागली. जवळच्या बाईला तिनं पहिला प्रश्न काय विचारला, तर ‘तुमच्या कोंबड्या कुणाकडं?’ ती बाई आधी दचकली, मग खो खो हसली, आणि मग जे बोलत सुटली ते रांग संपेपर्यंत. कुठला पाडा, कुठली टोळी, घरून कधी निघालो, म्हातारं कोण मागं राहिलंय, पोरगी बरोबर आणावी लागली म्हणून शाळा कशी सुटली. त्या बायका वर्षानुवर्षं आमच्या बागेत येत होत्या आणि त्यांतल्या एकीचंही गाव आम्हाला माहीत नव्हतं. ‘पेठंकडची’ म्हटलं की आमचं काम भागत होतं.

आता मुद्द्यावर येते. एमएनंतर शेवंतीला आम्ही एमए केलं त्याच कॉलेजच्या संशोधन केंद्रातल्या एका मोठ्या सर्वेक्षणात माहिती गोळा करायचं काम मिळालं. डोंगराळ पट्ट्यातली किती कुटुंबं कामासाठी बाहेर जातात, असा विषय. सर्वेक्षणाचे प्रमुख जे सर, तेच पुढं तिचे मार्गदर्शक झाले. त्यांचं नाव मी लिहीत नाही. नाव लिहिलं की लोक त्या एका माणसावर तुटून पडतील आणि बाकीचे हात झटकून मोकळे होतील. तर अशा कामाला मंजुरी यायला दिवाळी उजाडते आणि खर्च मार्चअखेरच्या आत दाखवावा लागतो. शिवाय पावसाळ्यात डोंगरात गाडी जात नाही. त्यामुळं सर्वेक्षणाच्या जीपा पाड्यांवर पोचतात कधी, तर दिवाळी ते मार्च या दिवसांत. म्हणजे नेमकी माणसं बागांवर असतात तेव्हा. आणि सूचनापत्रात एक ओळ असते, घर बंद आढळल्यास शेजारचे घर घ्यावे. झालं. जो बाहेर गेला त्याचं दार बंद, म्हणून तो यादीतून गळला आणि जो घरी आहे तोच मोजला गेला. त्याला विचारायचं, तुम्ही बाहेर कामाला जाता का? तो म्हणणार, नाही. तो कसा जाईल, तो तर तुमच्यासमोर उभा आहे!

शेवंती स्वतःच्या पाड्यावर गेली तेव्हा तिच्या काकाच्या दाराला तार होती. जोडीदार पोरगा म्हणाला, ताई, पुढचं घर घेऊ. पुढचं घर मावशीचं. कोंबड्यांच्या गराड्यात बसलेल्या मावशीनं परक्याला द्यावीत तशी उत्तरं दिली, नाही, मी कुठं जात नाही, मला पाय नाही. ते लिहून घेताना शेवंतीचा हात थांबला. संध्याकाळी मुक्कामी तिनं सरांना फोन लावला आणि सांगितलं की हे चुकतंय. सर म्हणाले, बेटा, पद्धत म्हणजे पद्धत. अहवाल आला. त्या पट्ट्यातलं स्थलांतर ‘अत्यल्प’ असा निष्कर्ष. आईबाप कामावर गेले तरी पोरांना गावात राहून शिकता यावं म्हणून हंगामी वसतिगृहं काढतात, ती कुठं काढायची हे असले अहवाल बघून ठरतं. अत्यल्प म्हटल्यावर कशाला काढतील? काढली नाहीत. पुढच्या हंगामात शेवंतीच्या काकानं त्याच्या मुलीला, हिराला, बागेवर नेलं; मावशीला आता पोर सांभाळणं झेपत नव्हतं आणि तिला मागं ठेवायला दुसरी जागाच नव्हती. पाचवीतून सुटलेली हिरा परत शाळेत गेली नाही. तिचं लग्न झालंय, आणि मागच्या वर्षी ती दिंडोरीच्या एका बागेत शेवंतीला भेटली, कडेवर तान्हं घेऊन. तिच्या कोंबड्या कुणाकडं आहेत हे विचारायची शेवंतीला छाती झाली नाही, असं ती घरी येऊन मला म्हणाली.

त्यावरच पीएचडी करायची असं तिनं ठरवलं. लोक मला विचारतात, मग तिनं त्याच सरांकडं का नोंदणी केली? कारण जागा त्यांच्याकडंच होती आणि शिष्यवृत्तीची मुदत संपत आली होती. शिवाय सरांना ती आवडायची हो. बाहेरून कुणी पाहुणा आला की ते तिला बोलावून घेत, ‘ही आमची शेवंती, थेट पाड्यावरून आलेली.’ पाहुणे कौतुकानं बघत. तिला दोन वाक्यं तिच्या भाषेत बोलून दाखव म्हणत. ती बोलायची. काय बोलायची ते त्यांना कळत नव्हतं म्हणून बरं. हे सर कधी आवाज चढवत नसत, सगळ्यांना बेटा म्हणत, विद्यार्थ्यांना स्वतःच्या डब्यातला लाडू देत. मला याचाच जास्त संताप येतो. खडूस माणसाशी भांडता तरी येतं.

तिनं काम कसं केलं ते मी पाहिलंय. आधी पाड्यांवर जायचं, मागं राहिलेल्या म्हाताऱ्यांच्या अंगणातल्या कोंबड्यांच्या पायांतले रंग बघायचे, कुठलं घर कुठं गेलंय ते विचारून घ्यायचं. मग निफाड, दिंडोरीच्या बागांत त्या माणसांना शोधत फिरायचं. आणि शिमग्याला ती घरी परतली की पुन्हा त्यांच्या दारात जायचं, कारण तेव्हा तार सुटलेली असते. ज्या घराला सर्वेक्षणानं बंद म्हणून सोडून दिलं त्या प्रत्येक घराशी तिनं उघड्या दारात बसून बोलणं केलं. उन्हातान्हात फिरून तोंड रापलं होतं. आठवड्याच्या शेवटी घरी आली की पंख्याखाली आडवी व्हायची आणि म्हणायची, बागायतदारीण, डोक्याला तेल लाव. सरांना तिनं ही रीत सांगितली तेव्हा ते मिस्कील हसले होते, “कोंबड्यांच्या पायांवरून पीएचडी मिळत नसते बेटा.” हे तिनं मला कांदा चिरता चिरता सांगितलं, आणि वर म्हणाली, “कोंबडी बिचारी मार्चअखेरला भीत नाही गं, म्हणून खरं सांगते.” आम्ही दोघी इतक्या हसलो की कुकरच्या शिट्या मोजायच्या राहिल्या.

तिसरं प्रकरण या बंद घरांचं होतं. त्याचं पहिलंच वाक्य असं, ‘बंद घर म्हणजे रिकामं घर नव्हे.’ पुढं तिनं सगळं शिस्तीत मांडलं होतं. जुन्या सर्वेक्षणानं कुठली घरं गाळली, त्यांच्या जागी कुठली घेतली, त्यामुळं निष्कर्ष कसा फिरला, आणि सर्वेक्षण शिमग्यानंतर केलं तर काय दिसतं. कुणाला शिव्या नाहीत, कुणाचं नाव नाही. पण सरांना ते कळणारच, कारण ते सर्वेक्षण त्यांचंच, आणि त्याच्या जोरावर ते सरकारच्या समितीवर गेलेले. त्यांनी त्या पहिल्या वाक्याखाली लाल शाईनं लिहिलं, ‘हे साहित्य झालं, अर्थशास्त्र नाही.’ मग म्हणाले, प्रकरण परिशिष्टात टाक. मग म्हणाले, पूर्ण काढ, बाकी प्रबंध उत्तम आहे, सही करतो. ती म्हणाली, काढणार नाही. सर म्हणाले, बेटा, तुझ्या भल्यासाठी सांगतोय. आणि सही लांबली. एका बैठकीवरून दुसऱ्या बैठकीवर, उन्हाळ्यावरून पावसाळ्यावर. तिच्याबरोबरच्यांचे पेढे वाटून झाले. ती आपली दर वेळी केंद्राच्या त्या लाकडी बाकावर बसून यायची आणि घरी आली की चपला जोरात काढायची. चपलांच्या आवाजावरून मला कळायचं आज काय झालं.

आणि मग केंद्राच्या संशोधन समितीनं तो शोध लावला, ज्याच्यासाठी मी त्यांना कधी माफ करणार नाही. समितीतलं कुणीतरी म्हणालं, जिथं सर्वेक्षणाच्या वेळी कुणी भेटलंच नाही, तिथं कुटुंब राहतं हे कशावरून? बाईंनी ग्रामपंचायतीचा दाखला आणावा, की सदर घर बंद असले तरी कुटुंब तेथील रहिवासी आहे. शेवंती ज्या पाड्यावर जन्मली, त्या पाड्यावरची माणसं आहेत हे तिनं कागदावर शिक्का मारून आणायचं! आधी ती हसली. हयातीचा दाखला ऐकला होता, म्हणाली, घर बंद असल्याचा पहिल्यांदाच. मग फेऱ्या सुरू झाल्या. ग्रामसेवक म्हणायचा, असा नमुना आमच्याकडं नाही. दुसरा म्हणायचा, सरपंच बाहेरगावी आहेत. तिसरा म्हणायचा, बंद असलेल्या घराचा दाखला द्यायचा तर पंचनामा लागेल. मी तिला म्हणायचे, शेवंते, टाक ते प्रकरण परिशिष्टात, पदवी घे, मग पुस्तक लिही आणि त्यांची सालं काढ. ती म्हणायची, परिशिष्ट कोण वाचतं गं? तू तरी वाचतेस का?

त्या सकाळी तिला ग्रामसेवकाचा फोन आला होता, दाखले तयार आहेत, घेऊन जा. ती खुशीत होती. पोहे खाल्ले, पिवळ्या चिंधीची छत्री घेतली. दारातून परत फिरून तिनं माझ्या केसांना तिचा क्लिप लावला, माझा तुटला होता म्हणून. म्हणाली, “आज शिक्का मिळाला की उद्या सरांच्या टेबलावर आदळते.” संध्याकाळच्या भाजीला काय आणू असं मी विचारलं, तर म्हणाली, मीच आणते, पेठ नाक्यावर रानभाज्या घेऊन बायका बसलेल्या असतात.

दवाखान्यात तिची पिशवी माझ्या हातात दिली. त्यात रानभाजीची जुडी नव्हती, परत येताना नाक्यावर पोचायच्या आधीच घाटात ते झालं. दाखले होते, प्लास्टिकच्या पिशवीत दुमडून ठेवलेले, कोरडे ठणठणीत. शिक्के स्पष्ट उमटलेले. तिचे बाबा, आई आणि काका आले तेव्हा पाऊस थांबला होता. नेताना मी बरोबर गेले. पाड्यावर भात पोटरीला आलेला, सगळी माणसं घरात, सगळी दारं उघडी. सर्वेक्षणवाल्यांनी कधी पाहिला नाही तसा तो पाडा भरलेला होता. मावशी अंगणात बसून होती. दहाव्याला पुन्हा गेले तेव्हा तिनं मला जवळ बोलावून एवढंच विचारलं, “तिला कुठं लागलं व्हतं?” मी खोटं सांगितलं, की लगेच गेली, दुखलं नसणार.

केंद्रात शोकसभा झाली. फोटोला हार, उदबत्ती, मागं फलकावर तिचं नाव, आणि नावाच्या आधी ‘संशोधक विद्यार्थिनी’. बाबांना पहिल्या रांगेत बसवलं होतं, टोपी गुडघ्यावर. सर बोलले. खरंच गहिवरून बोलले, खोटं कशाला सांगू. म्हणाले, पोटच्या मुलीसारखी होती, पदवी हाताच्या अंतरावर होती, नियतीनं घात केला. आणि जाहीर केलं की तिच्या नावानं उत्कृष्ट संशोधनाचं पारितोषिक सुरू करणार. टाळ्या वाजल्या. शोकसभेत! मला वाटलं मी बसून राहीन, पण पाय आपोआप उभे राहिले. मी विचारलं, “सर, पारितोषिक राहू द्या. तिचा प्रबंध तिसऱ्या प्रकरणासकट दाखल होणार का, तेवढं सांगा.” सर म्हणाले, ही ती वेळ नाही. मी पिशवीतून दाखले काढले, पुढं जाऊन टेबलावर ठेवले, आणि सांगितलं की हे आणायला तुम्ही तिला पाठवलं होतं, ती आणायला गेली होती, हे घ्या. त्यांनी कागद उलटून पाहिले, नीट एकावर एक लावले आणि माझ्या हातात परत दिले. हळूच म्हणाले, आता याची गरज नाही बेटा.

नियतीनं म्हणे घात केला. नियती कधीपासून संशोधन समितीवर बसायला लागली?

दुसऱ्या दिवशी त्यांचा निरोप आला. मरणोत्तर पदवीची तरतूद आहे, मार्गदर्शकाचं प्रमाणपत्र लागतं, ते द्यायला सर तयार आहेत, फक्त ते प्रकरण वगळावं, कुटुंबानं तसं संमतीपत्र द्यावं. म्हणजे मेल्यावरही अट तीच. मला ताबडतोब नाही म्हणायचं होतं, पण लेक त्यांची, नावापुढं ‘डॉक्टर’ लागणार ते त्यांच्या लेकीच्या, मी कोण ठरवणारी? मी बाबांना बोलावून घेतलं. ते आणि काका एसटीनं आले. केंद्राच्या पायऱ्यांवर बसून मी त्यांना सगळं समजावलं, कुठली घरं, काय लिहिलंय, काय काढायचंय. बाबांनी मध्येच विचारलं, “पोरी, तिचं काम झालं व्हतं का? का अर्धं रह्यलं?” मी म्हटलं, “झालं होतं बाबा. पूर्ण झालं होतं. यांनी घेतलं नाही.” ते बराच वेळ मान हलवत राहिले. तेवढंच त्यांना हवं होतं, ते चेहऱ्यावरून दिसत होतं. मग समोरच्या दुचाक्यांकडं बघत म्हणाले, “ती घरां काढली त आमीच निघालो ना त्यातून. मंग काय उरतं? रहू दे. तिचं जसं आहा तसं रहू दे.” काकानं डोळे पुसले, हिराचा बाप तो. संमतीपत्र कोरं परत गेलं.

मी प्रबंध आहे तसा, ते दाखले जोडून, मार्गदर्शकाच्या सहीशिवाय विद्यापीठाच्या कार्यालयात नेऊन दिला. खिडकीतला माणूस म्हणाला, असं घेता येत नाही. मी म्हटलं, घेता येत नाही असं लिहून द्या. त्यानं मुकाट्यानं घेतला. उत्तर आलेलं नाही. मी जात राहणार आहे. चपला जोरात काढायला मलाही येतं. दिवाळी तोंडावर आली आहे, पाड्यावर भात कापून होईल, बाबा-आई बागेला निघतील, मावशीच्या अंगणात कोंबड्या जमतील. कुठलंतरी सर्वेक्षण यंदाही जीपा घेऊन पाड्यावर जाईल, तारा बांधलेली दारं बघेल आणि पुढच्या घराकडं वळेल. ‘अत्यल्प’ लिहायला वेळ कितीसा लागतो.

घरात दाराशेजारी खिळ्यावर दोन किल्ल्या आहेत. लाल माझी, पिवळी तिची. हल्ली बाहेर पडताना मी पिवळी घेते. राखणीला दिलेली वस्तू वापरात राहिली पाहिजे. तिच्या खोलीत मी काही हलवलेलं नाही. टेबलावर तिची तेलाची बाटली आणि पसरलेले कागद आहेत, भिंतीवर पाड्यांचा नकाशा, खुर्चीवर अर्धी घडी केलेली चादर. खोलीचं दार मी लावून घेते आणि कडीला एक तार गुंडाळली आहे. का गुंडाळली ते मला सांगता येणार नाही.

परवा खालच्या घरमालकीण काकू वर आल्या. चांगल्या आहेत, शेवंतीला स्वतःच्या हातचं लोणचं द्यायच्या. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर त्यांनी त्या दाराकडं पाहिलं आणि जपून विषय काढला, की त्यांची भाची इगतपुरीहून शिकायला यायची आहे, मुलगी शांत आहे, आणि ती खोली आता रिकामीच आहे ना?

“नाही काकू,” मी म्हटलं, “रिकामी नाही. बंद आहे.”